पंचगंगेची पातळी, पडद्यावरचा रंग आणि मधली यादी

जुलै उजाडला की कोल्हापुरात पावसाच्या आकड्याआधी दुसराच एक आकडा विचारला जातो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे? पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कसबा बावड्यापासून शिरोळपर्यंत शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, आणि तेव्हापासून हा आकडा मोबाइलवर पाहण्याची सवय घराघरांत रुजली. पण आकडा पाहणाऱ्याला खरं तर आकडा नको असतो. जनावरं हलवायची का, सामान माळ्यावर टाकायचं का, हे ठरवताना माणूस तीन-चार ठरावीक स्थितींतच विचार करतो: सामान्य, इशारा, धोका. पाणी एकेका इंचानं चढतं. निर्णय मात्र पायरीपायरीनं घेतला जातो. म्हणून पूरस्थिती दाखवणाऱ्या कुठल्याही फलकामागे, मग तो चौकातला असो की फोनमधला, मोजक्या नावांची एक बंद यादी असतेच. ही यादी संगणकाच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे कशी पोचवावी, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ प्रोग्रॅमरांच्या घरातला वाटतो. तो तसा नाही, हे या लेखात मांडायचं आहे.

असा एखादा फलक बनवायचा तर त्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. एक भाग मागे बसून काम करतो: नोंदी गोळा करतो, त्या तपासतो, स्थिती ठरवतो. याला बॅकएंड म्हणतात. दुसरा भाग म्हणजे समोरचा पडदा. गेल्या पंधरा वर्षांत पडदे लिहिण्याची पद्धत पालटली आहे. पूर्वी प्रोग्रॅमर पडद्याला एकेक हुकूम द्यायचा: ही पट्टी पूस, तिथे लाल रंग भर, हे अक्षर मोठं कर. आता तो फक्त नातं लिहून ठेवतो: स्थिती 'धोका' असेल तर पट्टी लाल. स्थिती बदलली की पट्टी आपोआप बदलते, कोणाला सांगावं लागत नाही. याला डिक्लेरेटिव्ह पद्धत म्हणतात. क्यूटी या सॉफ्टवेअर-संचातली क्यूएमएल भाषा २०१० मध्ये आली ती याच विचारानं; अ‍ॅपलचं स्विफ्टयूआय, गूगलचं फ्लटर आणि जेटपॅक कंपोज हे त्याच वाटेनं चालतात. पद्धत सोयीची आहे आणि तिच्यामुळे चुकाही कमी होतात. पण तिच्यात एक धोका लपलेला आहे. हुकूम चुकला तर बहुतेक वेळा कार्यक्रम बंद पडतो, निदान आरडाओरड तरी होते. लिहून ठेवलेलं नातं जुळलं नाही, तर काहीच होत नाही. 'धोका असेल तर लाल' या ओळीतली तुलना फसली की पडदा शांतपणे आपल्या मूळ रंगावर राहतो, आणि तो मूळ रंग बहुधा हिरवा असतो.

तुलना फसते कशी, हे जरा जवळून पाहू. बॅकएंड सी प्लस प्लस भाषेत लिहिला असेल तर स्थितींची यादी 'एनम' या साधनानं करतात. नावं ओळीनं लिहायची, संगणक त्यांना शून्यापासून क्रमांक देतो: सामान्य ०, इशारा १, धोका २. आत सगळा व्यवहार क्रमांकांचा चालतो, माणूस मात्र नावं वाचतो. आता ही यादी क्यूएमएलच्या पडद्याला आपोआप दिसत नाही. ती दाखवण्यासाठी क्यूटीमध्ये यादीची रीतसर नोंद करावी लागते. त्यासाठीची क्यू-एनम ही सोय २०१५ सालच्या क्यूटी ५.५ पासून आहे. नोंद झाली की पडद्याच्या भाषेतही 'धोका' हेच नाव वापरता येतं, आणि क्रमांकावरून नाव व नावावरून क्रमांक शोधण्याची सोयही मिळते. नोंद करायचा कंटाळा केला तर प्रोग्रॅमर पडद्यावर थेट लिहितो, 'स्थिती २ असेल तर लाल'. पहिल्या दिवशी हे बिनचूक चालतं. आणि नोंद करूनही नावाचं एखादं अक्षर चुकलं तर क्यूएमएल भांडत नाही. त्या चुकीच्या नावाची किंमत 'अनिश्चित' धरली जाते, कुठलाही क्रमांक तिच्याशी जुळत नाही, आणि पट्टी हिरवीच राहते. कोड तपासणारी साधनं अशा चुका दाखवून देतात, पण ती चालवली तरच.

पहिल्या दिवशी चालणारा 'स्थिती २' कधी घात करतो? यादी वाढते तेव्हा. कोल्हापूरच्या पावसाळी बातम्यांत इशारा पातळी गाठण्याच्या आधीची एक पायरी हमखास असते: पंचगंगा पात्राबाहेर. उद्या कोणाला वाटलं की फलकावर हीही पायरी हवी, तर ती साहजिकच सामान्य आणि इशारा यांच्या मध्ये घातली जाईल. वाचायला यादी सुंदर दिसेल. पण क्रमांक सरकतील: पात्राबाहेर १, इशारा २, धोका ३. बॅकएंड नवा आणि लोकांच्या फोनमधला पडदा जुना, असं झालं की जुना पडदा २ आल्यावर लाल होईल, म्हणजे नुसत्या इशाऱ्याला धोक्याची घंटा. त्याहून वाईट पुढे आहे. खरा धोका आल्यावर ३ येईल, जुन्या पडद्याला ३ ठाऊकच नाही, आणि पट्टी हिरवी होईल. पाणी ४३ फुटांच्या वर आणि पडद्यावर सामान्य. यात कोणीही हलगर्जीपणानं चुकीची ओळ लिहिलेली नाही. ज्याच्या त्याच्या जागी प्रत्येक ओळ बरोबरच आहे. जावा भाषेच्या अधिकृत माहितीत म्हणूनच बजावलं आहे की यादीतल्या जागेचा क्रमांक बहुतेक प्रोग्रॅमरांना कधी लागणारच नाही. जागेचा क्रमांक ही यादीच्या आतली गोष्ट आहे, ती बाहेरच्या व्यवहारात आणू नये.

हा धडा संगणकवाल्यांच्या आधी आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर सरकारी याद्यांनी गिरवला आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांत कोल्हापूरचा क्रमांक ३४ होता. २०११ मध्ये देशातल्या ६४० जिल्ह्यांना सलग क्रमांक दिले गेले आणि कोल्हापूर ५३० झालं, शेजारची सांगली ५३१. जिल्हा तोच, सीमा त्याच, क्रमांक वेगळा. एखाद्या तक्त्यात नुसता ३४ दिसला आणि तो कोणत्या सालच्या यादीतला हे लिहिलेलं नसलं, तर तो आकडा निरुपयोगी ठरतो. याउलट राज्यांच्या क्रमांकांत पाळलेला संयम पाहा. महाराष्ट्र २७, म्हणून इथल्या प्रत्येक जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ नं होते. आंध्र प्रदेश २८ होता. २ जून २०१४ ला त्यातून तेलंगण वेगळं निघालं, तेव्हा तेलंगणला ३६ दिला गेला आणि उरलेल्या आंध्रला ३७. आंध्रला २८ ठेवता आला असता, पण मग जुन्या कागदातला २८ अखंड राज्याचा की नव्याचा, हा घोळ कायमचा राहिला असता. म्हणून २८ निवृत्त झाला आणि नव्या राज्यांना यादीच्या शेवटी जागा मिळाली. गूगलच्या प्रोटोकॉल बफर्स या माहिती पाठवण्याच्या पद्धतीत हाच नियम भाषेतच घालून ठेवला आहे: काढून टाकलेला क्रमांक 'राखीव' म्हणून जाहीर करता येतो, आणि नंतर कोणी तो चुकून वापरला तर कार्यक्रम तयारच होत नाही.

क्रमांकांचा हा घोळ पाहून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि पडद्यावर जे दाखवायचं तेच मराठी शब्द बॅकएंडकडून पाठवतात: 'इशाऱ्याची पातळी', 'धोक्याची पातळी'. इथेही पडदा तुलना करणार, पण आता शब्दांची. दाखवायचे शब्द बदलत राहतात, कारण ते माणसांसाठी असतात. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, उस्मानाबाद धाराशिव झाला. नावावर बेतलेली प्रत्येक तुलना त्या दिवशी तुटणार. आतल्या संकेतावर बेतलेल्या तुलनेला काहीच फरक पडणार नाही. मराठीत तर आणखी एक बारीक खाच आहे. 'इशाऱ्याची' या शब्दातला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कळफलक त्यासाठी नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ वापरतात. काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण टाकतात. डोळ्यांना दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात. बॅकएंडवाल्यानं एका कळफलकावर टंकलं आणि पडदावाल्यानं दुसऱ्यावर, तर तुलना फसते, आणि दोघांनी पडद्यासमोर तासभर डोळे फोडले तरी चूक सापडत नाही. इंग्रजीत काम करणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही, म्हणून त्यांच्या पुस्तकांत तिचा इशारा क्वचितच सापडतो. मराठी पडदे बनवणाऱ्यांनी तो स्वतःच लक्षात ठेवायला हवा.

तिसरी वाट रंगाची, आणि ती सगळ्यात मोहात पाडणारी. बॅकएंडनं थेट 'नारिंगी' पाठवावं, पडद्यानं ते रंगवावं, काम संपलं. पण नारिंगी म्हणजे काय? हवामान खातं पावसाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा चार रंगांत देतं. तिथे नारिंगीचा अर्थ सज्ज राहा. केंद्रीय जल आयोग नद्यांच्या पूरस्थितीला असेच रंग देतो. तिथे नारिंगी म्हणजे पाणी धोका पातळीला पोचलेलं किंवा तिच्या वर, पण आजवरच्या उच्चांकाच्या खाली. एकाच्या नारिंगीत पाऊस अजून यायचा आहे, दुसऱ्याच्या नारिंगीत पाणी दारात आलेलं आहे. दोन्हींची माहिती एकाच फलकावर दाखवायची झाली आणि बॅकएंडनं फक्त रंग पाठवला, तर अर्थ वाटेतच सांडला. शिवाय रंग ओळखू न शकणारी माणसं असतात, काळ्या-पांढऱ्या छापाच्या प्रती निघतात, ऐकून समजून घेणारे दृष्टिहीन असतात. त्यांच्यासाठी पडद्याला रंगामागची स्थिती माहीत असावी लागते. रंग ठरवणं हे पडद्याचं काम आहे आणि ते त्याच्याकडेच राहू द्यावं.

यावर एक सरळ आक्षेप येतो: एवढ्या याद्या कशाला? बॅकएंडनं नुसती फुटातली पातळी पाठवावी, ३९ आणि ४३ तर सगळ्यांना माहीत आहेत, पडदा स्वतःच ठरवेल. हा आक्षेप वजनदार आहे, कारण त्यात खरी माहिती जशीच्या तशी पोचते. पण ३९ आणि ४३ राजाराम बंधाऱ्याचे आहेत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी साडेत्रेचाळीस फुटांवर असताना कोल्हापुरात धोका असतो आणि सांगलीत इशारा. हे आकडे पडद्याच्या कोडमध्ये गेले की प्रत्येक नव्या ठिकाणासाठी प्रत्येक पडदा बदलावा लागणार. मोजमापाच्या पद्धतीचंही तसंच आहे. आपल्याकडे पातळी फूट आणि इंचांत सांगतात. ३९ फूट ११ इंच घाईत ३९.११ असं लिहिलं जातं, ३९ फूट ५ इंच ३९.५ असं. संगणक यांना दशांश समजतो आणि त्याच्या हिशेबात ३९.११ हे ३९.५ पेक्षा कमी भरतं. पाणी सहा इंच चढलेलं असताना पडदा ते उतरलं म्हणेल. स्थिती ठरवण्याचा निर्णय म्हणून एकाच जागी व्हावा, जिथे मोजमाप आणि ठिकाण या दोन्हींची जाण आहे. फुटांचा आकडा पडद्याला जरूर द्यावा, पण तो माणसाला वाचण्यासाठी.

दुसरा आक्षेप वेगाचा आणि आकाराचा असतो: क्रमांक एका बाइटात मावतो, नाव पाठवायचं तर दहा-बारा बाइट लागतात. जिथे सेकंदाला लाखो मूल्यं वाहतात तिथे याला अर्थ आहे. नदीची पातळी तासातासाला येते. तिसरा आक्षेप लहान संस्थांत हमखास ऐकू येतो: बॅकएंड आणि पडदा दोन्ही एकच माणूस लिहितो, त्याच्या डोक्यात यादी पक्की आहे, मग हे सोपस्कार कशाला? कारण दोन्ही बाजू एकाच वेळी बदलत नाहीत. सर्व्हर आज रात्री बदलता येतो. हजारो फोनमधलं अ‍ॅप लोक बदलतील तेव्हा बदलेल, आणि पूर पाहण्याचं अ‍ॅप तर वर्षातले नऊ महिने कोणी उघडतही नाही. गेल्या पावसाळ्यात उतरवून घेतलेली आवृत्ती यंदाच्या जुलैत, पाणी चढत असतानाच, पुन्हा उघडली जाते. लिहिणारा माणूस एकच असला तरी त्याचं गेल्या वर्षीचं काम आणि यंदाचं काम समोरासमोर येतातच.

सगळ्यांत चांगला आक्षेप शेवटी येतो. यादी इतकी कडक ठेवली तर यादीबाहेरचं काही आल्यावर पडद्यानं काय करायचं? कोलमडायचं? त्यापेक्षा सैल ठेवलेलं काय वाईट? हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची गुरुकिल्ली त्याच्या उत्तरात आहे. प्रत्येक यादीत एक जागा 'माहिती नाही' या स्थितीची असली पाहिजे, आणि ती शून्याची जागा असली पाहिजे. शून्य ही संगणकातली आपसूक किंमत आहे. काही भरलं गेलं नाही, वाटेत काही हरवलं, नोंद आलीच नाही, की बहुतेक ठिकाणी तिथे शून्य येऊन बसतो. वर आपण सामान्य ० असं लिहिलं होतं. म्हणजे बॅकएंड गप्प झाला की पडदा 'सामान्य' म्हणणार. महापुरात वीज जाते, मोबाइलचे टॉवर बंद पडतात, मोजणी करणारं उपकरण पाण्याखाली जातं. माहिती थांबण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती नेमकी त्याच वेळी, आणि तेव्हाच 'सामान्य' दाखवणारा पडदा माणसाच्या जिवावर उठू शकतो. प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीत यादीची पहिली किंमत शून्य असणं सक्तीचं आहे, आणि ती 'अनिर्दिष्ट' या अर्थाची ठेवावी असा तिथला लेखनसंकेत सांगतो, तो याचसाठी. अनोळखी स्थिती आली की पडद्यानं करड्या रंगात स्पष्ट लिहावं: स्थिती कळलेली नाही, शेवटची नोंद इतक्या वाजताची, पातळी इतके फूट इतके इंच. असं लिहिलं की पडदा कोलमडत नाही आणि खोटंही बोलत नाही.

शून्यावर 'माहिती नाही' बसवलं की एक सवय मात्र सोडावी लागते. 'स्थिती इशाऱ्याइतकी किंवा तिच्याहून जास्त असेल तर भोंगा वाजव' अशी लहान-मोठेपणाची तुलना पडद्यावर सर्रास लिहिली जाते. 'माहिती नाही' ही सामान्यपेक्षा कमी धोक्याची स्थिती नव्हे, पण क्रमांकांत ती खालीच येते. ती कदाचित सर्वांत गंभीर असेल, कदाचित काहीच नसेल. अशा वेळी पडद्यानं क्रमांकांची तुलना करण्याऐवजी बॅकएंडनंच वेगळं सांगावं, सतर्क करायचं की नाही. पाणी चढतंय, स्थिर आहे की ओसरतंय हेही मूळ यादीत कोंबू नये. तीन स्थिती आणि तीन दिशा यांची सरमिसळ केली की नऊ नावं होतात आणि दहावी लागली की पुन्हा सगळं उसकटावं लागतं. दिशेची यादी वेगळीच असावी. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांचं तर याहून निराळं आहे. तिथे एकाच वेळी तिसरा आणि सहावा उघडा असू शकतो, सातांचे मिळून १२८ प्रकार होतात. एकच किंमत निवडणारी यादी तिथे कामाचीच नाही. प्रत्येक दरवाजाची उघडा-बंद अशी स्वतंत्र खूण हवी, आणि त्याचीही सोय क्यूटीत आहे.

कोल्हापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी कितीतरी विद्यार्थी प्रकल्पासाठी पंचगंगेची पातळी दाखवणारे पडदे बनवतील. त्यांना एवढीच विनंती आहे. स्थितींची यादी एकाच ठिकाणी लिहा, तिची रीतसर नोंद करा, नव्या नावाला नवा क्रमांक शेवटी द्या आणि जुना कधीही दुसऱ्याला देऊ नका. मग बॅकएंड मुद्दाम बंद करा आणि पडद्याकडे पाहा. तो हिरवा राहिला, तर प्रकल्प अजून पूर्ण झालेला नाही.